भिंतीवरची माणसे



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन कार्यकर्ते आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी विषय जवळजवळ ठरवूनच आणला होता. किमान वेतन, कंत्राटी पद्धत, नाहीतर हमालांच्या भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी, यांपैकी एखाद्यावर आम्ही बोलावे अशी त्यांची इच्छा होती. आम्ही म्हणालो, "या विषयांवर आम्ही वर्षभर रस्त्यावर बोलतोच. वसंतातल्या एका संध्याकाळी आम्हांला जुन्या फोटोंवर बोलू द्या." कार्यकर्ते घटकाभर गप्प बसले. युनियनचा माणूस आणि जुने फोटो, हा मेळ त्यांना बसेना. तुमच्यापैकीही पुष्कळांना तो बसला नसेल. तो बसवून दाखवणे एवढेच आमचे आजचे काम आहे.

आम्ही छायाचित्रकार नाही आणि इतिहासाचे पंडितही नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही समजले ते वाचनालयात आणि कामगारांच्या खोल्यांत समजले. परंतु नांदेडच्या गिरणीवस्तीत आणि लातूरच्या मोंढ्यात तीस वर्षे जाणे-येणे असल्यामुळे गरिबांच्या घरातल्या भिंती आम्ही पुष्कळ पाहिल्या. देवाच्या तसबिरी, दुकानाचे कॅलेंडर आणि त्यांच्या शेजारी चौकटीत बसवलेला एखादा फोटो. काचेवर कुंकवाचा टिळा, वर चंदनाचा हार. फेटा बांधलेला एक गृहस्थ खुर्चीत ताठ बसलेला आहे आणि त्याचे डोळे कॅमेऱ्याकडे धास्तीने पाहत आहेत. आम्ही घरातल्या पोराला विचारतो, "हे कोण रे?" पोरगा म्हणतो, "आजोबांचे वडील." "नाव काय त्यांचे?" मग पोरगा आत विचारायला जातो. आतूनही उत्तर येत नाही. हार रोज पुसला जातो, पण ज्याला हार घातला त्याचे नाव घरातून गेलेले असते. आमच्या आजच्या बोलण्याचे मूळ इथे आहे.

आता थोडे मागे जाऊ. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी एतद्देशीय मंडळी आरंभीच तिच्यात शिरली. आपला मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. या राज्यात कॅमेऱ्याचे सर्वांत मोठे नाव म्हणजे राजा दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधन्याला १८४४ साली जन्मलेला हा माणूस शिक्षणाने इंजिनियर. इंदूरला नोकरी करताना तो फोटो काढू लागला आणि पुढे सहाव्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला. पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्याने १८९२ साली हैदराबादेत निराळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती दिला. १९०५ साली तो वारला. त्याच्या काचेच्या निगेटिव्हांपैकी २,८५७ काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. शंभर वर्षांहून जुनी काच, तिच्यावरचा तो नाजूक थर, आणि अजून त्यातल्या सरदाराच्या अंगरख्याची नक्षी मोजून घ्यावी! कोणी मनावर घेतले तर काय टिकू शकते, याचा हा दाखला आहे.

पण श्रोतेहो, टिकले ते कोणाचे? दरबार, शिकारी, राजवाडे, व्हाइसरॉयची भेट. त्या चित्रांखाली नावे आहेत. कोण कोणाच्या उजव्या हाताला बसले आहे हेसुद्धा लिहिलेले आहे. याच दीनदयाळांनी निजामी मुलखातल्या दुष्काळी मदतकामांचीही छायाचित्रे घेतली. त्यांत कामावरची माणसे दिसतात, बायका दिसतात, पोरे दिसतात. ती आपली माणसे आहेत. त्यांतल्या एखाद्याची खापरपणती आज या सभेत बसलेली असू शकेल. परंतु तिला ते कळणार कसे? त्या माणसांची नावे आम्हांला कुठेही आढळली नाहीत. फोटो टिकला, माणूस टिकला नाही. दरबारी चित्रात आणि दुष्काळी चित्रात चांदी तीच, कागद तोच, कारागीरही तोच. फरक फक्त खालच्या ओळीचा आहे.

आपल्या साध्या माणसांच्या घरी फोटो फार उशिरा आले. त्या काळी खेड्यातल्या माणसाचा आयुष्यात एखादाच फोटो निघे, तोही लग्नात किंवा जत्रेतल्या पडद्यापुढे. निजामाविरुद्ध भूमिगत काम करणाऱ्यांना तर फोटो काढून ठेवणे म्हणजे पोलिसाच्या हाती पुरावा देणे. म्हणून आपल्याकडे जे थोडे उरले आहे त्याची किंमत अधिक धरली पाहिजे. ज्याच्या घरी हजार फोटो आहेत त्याने दहा गमावले तर चालेल. ज्याच्या घरी एकच आहे त्याने काय करावे?

हे सारे भावनेचे बोलणे झाले असे कोणी म्हणेल, म्हणून व्यवहारातली गोष्ट सांगतो. नांदेडच्या गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत. उस्मानशाही मिल हे नाव नव्या पोरांना चौकाच्या खुणेपुरते माहीत. त्याच शहरातल्या दुसऱ्या एका कारखान्यातला एक म्हातारा कामगार आमच्याकडे आला. काही वर्षांची नोकरी कागदावर लागत नव्हती. कारखाना बंद, हजेरीपुस्तके वाळवीने खाल्लेली, आणि कचेरीचा साहेब म्हणतो, पुरावा आणा. म्हाताऱ्याजवळ पुरावा म्हणून होता तो खात्यातल्या कामगारांचा एक सामुदायिक फोटो, कोणा जॉबरच्या निरोपाच्या वेळचा. फोटो दाखवून साहेब पाघळणार नव्हता, हे आम्हांलाही ठाऊक होते. पण आम्ही तो उलटा केला. मागे, पेन्सिलीने, बारीक अक्षरात सगळ्या रांगांची नावे होती आणि खाली साल होते. कोणा लिहित्या पोराने ते उद्योग केले असावेत. त्या नावांवरून आम्ही शोध घेतला. आठ माणसे वारलेली निघाली, काहींचा पत्ता लागला नाही, पण दोघे जिवंत सापडले. एक मुदखेडला लेकीकडे होता, दुसरा तिथल्या तिथे भाजी विकत होता. त्या दोघांनी शपथेवर सांगितले, "हा आमच्याबरोबर होता." काम झाले. फोटोने साक्ष दिली नाही. फोटोच्या पाठीने साक्षीदार शोधून दिले.

आता आमची स्वतःची चूक सांगतो, कारण दुसऱ्यांना शहाणपण शिकवायचे तर आपल्या पदरचा तोटा आधी दाखवावा. लातूरच्या मोंढ्यातल्या हमालांचा एक जुना गट-फोटो आमच्या कचेरीत होता. चाळीसेक माणसे, खांद्यावर हूक, मागे पोत्यांची थप्पी. आम्ही हौसेने तो मोठ्या काचेत बसवला. पाठीला जाड पुठ्ठा लावला, पुठ्ठ्याखाली रद्दी घातली आणि पश्चिमेच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगला. दहा-बारा वर्षे त्याने दुपारचे ऊन खाल्ले आणि पावसाळ्यात भिंतीची ओल प्याली. एके दिवशी एका हमालाची विधवा आली. म्हणाली, "दादा, मालकाचा एकबी फोटू घरात न्हाई. नातू इचारतोय, आजा कसा दिसत व्हता. तुमच्याकडं हाय म्हनं." आम्ही मोठ्या तोऱ्यात फोटो उतरवला. मधली रांग काचेला चिकटलेली होती. आम्ही हलकेच ओढले. काच सुटली, पण तिच्याबरोबर पाच-सहा तोंडे गेली, आणि त्यांतच त्या बाईचा मालक होता. बाई काही बोलली नाही. तिने फोटोतल्या त्याच्या धोतरावर बोट ठेवले आणि म्हणाली, "उभारायची रीत त्येचीच हाय." एवढेच घेऊन ती गेली. त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

फोटो मरतो कसा, हे आता सांगतो. काळ्या-पांढऱ्या फोटोत कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात. ते कण म्हणजेच चित्र. त्याहून जुन्या, गेल्या शतकाआधीच्या फोटोंत जिलेटिनऐवजी अंड्याच्या पांढऱ्याचा थर असे. तो कागद फार पातळ, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवलेला सापडतो. जिलेटिन ओल शोषते, फुगते, चिकट होते आणि काचेला धरून बसते. त्यावर बुरशीला आयते अन्न मिळते. कसर आणि झुरळ यांनाही ते गोड लागते. हलक्या पुठ्ठ्यात आणि वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असते, ते हळूहळू फोटो पिवळा करते. धुताना रसायन नीट निघाले नसेल तर डाग पडतात. हवेतल्या वायूंनी चांदी वर येते आणि काळ्या भागावर आरशासारखी चकाकी दिसू लागते. रंगीत फोटोत तर चांदी उरतच नाही, नुसते रंग असतात, आणि ते अंधारातसुद्धा विटतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे लग्नाचे रंगीत फोटो तांबडे झालेले तुम्ही पाहिले असतील. त्यांतला निळसर रंग आधी निघून गेला, म्हणून तसे होते.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, पाण्यात घालू नका. काचेसकटच त्याची नक्कल काढून घ्या आणि मूळ फोटो तसाच ठेवा. नवी चौकट करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची कडा घालायला सांगा, म्हणजे दोघांचा स्पर्श होणार नाही. चौकट बाहेरच्या ओल्या भिंतीला, देव्हाऱ्यातल्या समईजवळ किंवा उन्हासमोर लावू नका. मूळ फोटो भिंतीवर हवाच असा काही नियम नाही. भिंतीवर नक्कल लावा, हार नकलेला घाला, मूळ अंधारात ठेवा. ज्यांच्या मनाला हे बरे वाटत नाही त्यांना आम्ही विचारतो, देवळातली उत्सवमूर्ती निराळी आणि गाभाऱ्यातली निराळी असतेच ना?

ठेवायचे कुठे? माळ्यावर नको आणि पत्र्याखाली तर नकोच. आपल्याकडचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा, पत्र्याखाली त्याहून जास्त. जमिनीलगतही नको, कारण वाळवी आणि पाणी दोन्ही खालून येतात. घराच्या आतल्या भिंतीशी लोखंडी कपाट असेल तर त्याचा मधला खण उत्तम. प्रत्येक फोटो साध्या, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात घाला. जाड, वास येणारे प्लॅस्टिक टाळा. १९७०-८० च्या सुमारास चिकट पानांचे आणि वर पारदर्शक झाकणाचे अल्बम निघाले, ते फोटोंचे वैरी आहेत. त्यांतून जे फोटो सहज निघतात ते काढून घ्या. जे निघत नाहीत त्यांच्याशी झुंज घेऊ नका, पानासकट नक्कल करा. जुना हाती बांधलेला, काळ्या पानांचा अल्बम मात्र फोडू नये. फोटोंचा क्रम, कोपऱ्यांतल्या कागदी टिकल्या, आजीच्या हातची अक्षरे, हे सगळे मिळून ती वस्तू आहे. पानांच्या मध्ये पातळ कागद घाला आणि अल्बम आडवा ठेवा. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर कधीच करू नका. ते उलटवता येत नाही. हात धुऊन, कोरडे करून, फक्त कडेला धरा.

गोदावरीकाठच्या लोकांसाठी एक सूचना. पुराच्या पाण्यात फोटो भिजले तर पुसू नका. ओला थर बोटाबरोबर निघून येतो. एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका, उन्हातही टाकू नका. स्वच्छ थंड पाण्यात हळूच सोडवा आणि सावलीत, चित्र वर करून, एकेक पसरा. घरातल्या गोंधळात तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून कोणाच्या तरी फ्रीजरमध्ये ठेवा. सवड झाली की काढा.

आणि आता नावे. फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहा. बॉलपेन नको, ते उमटून पुढे येते. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा. नाव, गाव, साल आणि प्रसंग. साल नक्की नसेल तर "लातूर जिल्हा झाला त्या सुमारास" असे लिहा; म्हणजे १९८२ च्या आसपासचे हे कोणीही ओळखील. "आई" असे लिहू नका. तुमच्या नातवाला ती कोणाची आई ते कळणार नाही. बायकांची नावे माहेरच्या गावासकट लिहा, कारण जुन्या फोटोंत सर्वांत आधी हरवतात ती त्यांचीच नावे.

हे लातूरच्या मातीत उभे राहून बोलताना किल्लारीचा उल्लेख टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या आत. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. त्याखाली लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यांतली दहा हजारांच्या घरात माणसे गेली. आम्ही तेव्हा विशी ओलांडलेले होतो आणि मदतीच्या ट्रकमधून गेलो होतो. पहिले दिवस माणसे काढण्याचे. पुढे लोक ढिगाऱ्यात परत परत काहीतरी शोधताना दिसत. आम्हांला वाटले दागिने, पैसा. त्यांतली एक बाई नवऱ्याचा आणि दोन लेकरांचा फोटो शोधत होती. तो सापडला नाही. ज्या भिंतीवर फोटो टांगला होता तीच भिंत माणसांवर पडली होती. पुढे काही महिन्यांनी ती पत्र्याच्या शेडमध्ये आम्हांला पुन्हा भेटली, तेव्हा तिच्या हातात फोटो होता. धाकट्याच्या जावळाच्या वेळी काढलेल्या फोटोची एक प्रत तिने सोलापूरला भावाला पाठवली होती, ती भावाने आणून दिली. बावन्न गावे नव्या जागी पुन्हा वसवली गेली. घरे बांधता आली, रस्ते आखता आले. ती एक प्रत सोलापूरला नसती तर ती तीन तोंडे कोणत्याही योजनेतून परत आली नसती. म्हणून आमचा आग्रह आहे की घरातल्या प्रत्येक मोलाच्या फोटोची एक प्रत दुसऱ्या गावी असावी. लेकीच्या सासरी द्या, भावाकडे द्या.

प्रदर्शनाबद्दल दोन शब्द. आम्ही मोंढ्यातल्या एका शेडमध्ये एकदा जुन्या फोटोंचे प्रदर्शन मांडले. मूळ फोटो एकही टांगला नाही. सगळ्या मोठ्या केलेल्या नकला होत्या. ज्यांना मूळच दाखवायचे असतील त्यांनी दिवा मंद ठेवावा; वस्तुसंग्रहालयांत पन्नास लक्सच्या आसपास प्रकाश ठेवतात आणि थोड्याच दिवसांनी फोटो विश्रांतीला नेतात, कारण उजेडाने गेलेला रंग परत येत नाही. आमच्या प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली एक कोरा कागद आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल होती. लोक येत, पाहत आणि लिहीत. "डावीकडून तिसरा, आमचे चुलते, गाव औसा." एकाच माणसावर दोन घराण्यांनी हक्क सांगितला, मग एका म्हाताऱ्या मापाड्याने कानाच्या पाळीवरून निकाल दिला. तीन दिवसांत ज्या चित्रांना एकही नाव नव्हते त्यांतली पुष्कळ माणसे आपापल्या घरी परतली. एका ताईंनी आपल्या आईचा फोटो चारचौघांत लावू नये असे सांगितले. तो आम्ही त्याच क्षणी उतरवला. फोटो ज्याच्या घरचा, शब्द त्याचा. हा नियम मोडला तर उद्या कोणी पेटी उघडणार नाही.

तरुण मंडळी म्हणतील, आता सगळे मोबाईलमध्ये आहे, काळजी कसली? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली. त्या गाडीचे फोटो किती हातांनी काढले! ते मोबाईल आज कुठे आहेत? पडले, विकले, पाण्यात गेले. जस्ताच्या पेटीतला फोटो विसरला तरी पन्नास वर्षांनी सापडतो. बिघडलेल्या मोबाईलमधला सापडत नाही. यंत्राची मदत जरूर घ्या. जुना फोटो स्कॅन करा, इंचाला सहाशे ठिपके तरी घ्या, तीन ठिकाणी ठेवा आणि त्यांतले एक घराबाहेरचे असू द्या. यंत्र नसेल तर सावलीत, फ्लॅश न मारता मोबाईलने काढलेली नक्कलही नसल्यापेक्षा बरी. पण फाईलला नाव द्या. बिननावाची फाईल आणि बिननावाचा फोटो, दोघांची गत एकच.

आता तो मेळ बसला की नाही ते तुम्ही ठरवा. आम्ही आयुष्यभर एकच काम केले: हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याचे नाव लावून घेणे. नाव नाही तर पगार नाही, रजा नाही, म्हातारपणी आधार नाही. भिंतीवरच्या माणसांचेही तेच आहे. त्यांना आता पगार नको. पण हजेरी लागली पाहिजे.

तुमच्याकडे एकच मागणे आहे. येत्या रविवारी घरातली पेटी उघडा. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला खुर्चीवर बसवा, चहा द्या, आणि एकेक फोटो हाती देऊन विचारा, "हे कोण?" ते जे सांगतील ते पेन्सिलीने लिहून घ्या. घाई करा असे आम्ही म्हणतो, कारण फोटो आणखी वीस वर्षे थांबेल, सांगणारे थांबणार नाहीत.